डबकं आटेपर्यंत

४ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो. एक फेब्रुवारीला या, मग बघू."

आवाज परत येईल ना, हे विचारायला मी तोंड उघडलं तर त्यांनी बोट उगारलं. हिने माझ्याऐवजी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक."

बहुतेक! सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय, 'बहुतेक' लिहिणाऱ्याला मी कधी अर्धा गुणही दिलेला नाही.

माझा आवाज तीन वर्ग पलीकडे ऐकू जातो. पोरं माझ्यामागे मला भोंगा म्हणतात हे ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आतून बरं वाटतं. आता भोंगाच बंद पडला तर माझं उरलं काय? घरी येताना रिक्षात भीती वाटली. हिने माळ्यावरून मुलीची जुनी पाटी काढून दिली. आणि ही वही मी माझी मीच आणली. कुठेतरी बोलायला हवंच ना.

६ जानेवारी, सोमवार

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "रजा घ्या." मी पाटीवर लिहिलं, 'घरी बसून वेड लागेल.' त्या हसल्या. माझ्या वरच्या वर्गांना तात्पुरता शिक्षक आधीच बोलावलाय म्हणे. काय तत्परता!

"मग असं करा, दुसरीला विज्ञान घ्या. पुस्तकातलं नाही, हाताने करायचं. पोरं करतील, तुम्ही नुसतं बघा."

मी लिहिलं, 'एकच धडा. पाण्याचा. मग कार्यालयात बसून वह्या तपासतो.' त्यांनी मान डोलावली. "आवाज आला की तुमचे वर्ग तुम्हाला परत. आणि नाही आला तर..." एवढं बोलून त्या खिडकी लावायला उठल्या. खिडकी लावलेलीच होती.

८ जानेवारी, बुधवार

एकतीस पोरं. मी वर्गात शिरलो आणि कुणाला पत्ताच नाही. एरवी माझ्या नुसत्या खाकरण्याने बाकं सरळ होतात. आज मी पाटी वर धरून उभा राहिलो, स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला आल्यासारखा. शेवटी दोन वेण्यांच्या एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली, "'चला बाहेर.' पण सर, चपला घालून का न घालता?" तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं. तिला मी मनातल्या मनात पणताई म्हणतो.

शाळेच्या मागच्या अंगणात फरशी एके ठिकाणी खचून खळगा झालाय. ऊन तिथे तासभरच येतं. त्यात मी दोन बादल्या पाणी ओतलं. पाण्याच्या कडेने खडूने रेघ मारायची, रेघेवर दोरा ठेवून कापायचा आणि वर्गात तारेवर टांगायचा. रोज एक दोरा. पाणी कमी होईल तसा दोरा आखूड होईल आणि कुणी न शिकवता तारेवर आलेख तयार होईल. युक्ती माझीच आहे, आणि मला ती आवडली आहे.

पाटीवर लिहिलं, 'डबकं आटेपर्यंत मी तुमच्याकडे.' पणताईने ते सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. पाच-सहा दिवसांचा मामला आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दोरा चार बोटं आखूड.

पोरं डबक्याभोवती पोटावर झोपली होती, हनुवट्या हातांवर ठेवून. मीही उकिडवा बसलो. पाण्यात आकाशाचा तुकडा होता, त्यातून एक कावळा या काठावरून त्या काठावर गेला. कुणी काही बोललं नाही. मी बोलू शकत नव्हतो म्हणून, आणि ती का गप्प होती ते मला कळलं नाही. घंटा झाली तेव्हा वाटलं, आताच तर बसलो होतो.

घरी आलो तर ही इस्त्री करताना शीळ घालत होती. चांगली सुरात, लांब. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हिला शीळ येते हे मला आज कळलं. पाटीवर लिहिलं, 'कधीपासून?' ती म्हणाली, "पहिल्यापासून. तुम्ही घरात असलात की ऐकू येत नव्हती एवढंच."

११ जानेवारी, शनिवार

पाणी कुठे जातं? पोरांचं म्हणणं असं की चिमण्या पितात, ऊन पितं, मावशी पुसून घेतात. मावशी म्हणजे शाळा झाडणाऱ्या मावशी. त्या झाडूवर रेलून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वर्ग झाडून होत नाहीत, तुमचं डबकं कुठं पुसत बसू?"

मला सगळं समजावून सांगायचं होतं, ते घशाशी येऊन थांबलं. मग मी पाटीवर नुसतं लिहिलं, 'कशावरून?' आणि थोड्या वेळाने, 'मग?' या दोन शब्दांवर अख्खा तास गेला. पोरांनी हात ओले केले, फुंकर मारली, हात गार पडले. पणताई म्हणाली, "पण सर, पाणी जाताना हाताला थंडी वाजते. डबक्याला पण वाजत असेल?"

सत्तावीस वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नाही. उत्तर मला येतं, पण पाटीवर मावत नाही. तेव्हा ठरवलं, जे जे समजावायचं राहतंय ते या वहीच्या मागच्या पानांवर मुद्दे काढून ठेवायचं. आवाज आला की एका तासात सगळं देऊन टाकीन. आज मुद्दे एक ते पाच झाले.

डबकं निम्म्यावर आलंय. एका मुलाने, ज्याचे खिसे कायम कशाकशाने फुगलेले असतात, विचारलं, "आटलं की तुम्ही जाणार?" मी मान हलवली. त्याने खिशात हात घालून काहीतरी मोजलं.

१३ जानेवारी, सोमवार

रविवारी चांगलंच आटलंय. एका ताटाएवढं उरलं. उद्या संपेल, मी मोकळा. वर्ग आज उगाचच शांत होता. मधल्या सुट्टीत पोरं घोळका करून कुजबुजत होती. मी जवळ गेलो की गप्प बसायची. माझ्यासारख्या मुक्या माणसासमोर कुजबुजायचं कशाला, मला मौज वाटली.

१४ जानेवारी, मंगळवार

डबकं वाढलंय.

दोरा कालच्यापेक्षा वीतभर लांब. मी तीनदा मोजला. पोरांनी अगदी निरागसपणे माझ्याकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं, 'कशावरून?' कुणी हात वर केला नाही. खिसेवाला म्हणाला, "सर, डबक्याची इच्छा असेल." सगळी हसली, आणि पणताईने त्याला कोपर मारलं.

१५ जानेवारी, बुधवार

आणखी वाढलं. फरशीखालची पाइप फुटली असावी.

जेवताना ही अर्धा तास बोलत होती. शेजारच्यांची मांजर, तिच्या ऑफिसातली नवी मुलगी, लहानपणी धाकट्या भावाला घेऊन झाडावर चढली होती ते. मी जेवत राहिलो. हिला एवढं बोलता कधीपासून यायला लागलं? माझ्या दुखण्याचा हिच्या मनावर परिणाम झाला असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी गच्चीवर बसलो होतो, कोवळं ऊन होतं, डोळे मिटत होते. ही शेजारी वाती वळाव्यात तशी बोटं हलवत बसली होती, हातात काहीच नव्हतं. मग म्हणाली, "तुम्हाला त्या बसचं कधी सांगितलंच नाही ना?"

लग्नाआधी ही एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेली होती. तिथे नापास झाली, हे मी लोकांना गेली पंचवीस वर्षं सांगत आलोय. चेष्टेत, अर्थात.

"मी मुलाखतीला पोचलेच नव्हते," ती म्हणाली. "बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती. माझा थांबा आला, लोक उतरले, आणि मी उठलेच नाही."

तेवढ्यात खाली दाराची बेल वाजली. ती गेली आणि परत आली तेव्हा कपडे वाळत घालायला लागली. पाटी खाली राहिली होती.

२० जानेवारी, सोमवार

रविवारच्या सुट्टीत डबकं पुन्हा लहान झालंय. म्हणजे मंगळवार ते शनिवार वाढतं आणि रविवारी घटतं. डबक्यालाही सुट्टी कळते की काय? तारेवरचे दोरे डोंगरासारखे वर-खाली दिसतात. मी घरी आलेख काढला, सुरेख आला. शाळा चालू असताना नळांचा दाब वाढतो, पाइप गळते, हे त्यातून सिद्ध होतं. आठ पानं झाली. आवाज गेला तरी डोकं शाबूत आहे.

२२ जानेवारी, बुधवार

प्लंबरला बोलावलं. त्याने फरशी ठोकली, कान लावला, बोट बुडवून चाखलंसुद्धा. मग म्हणाला, "मास्तर, खालून थेंब येत नाही. तुमचं पाणी वरून येतंय."

वरून! म्हणजे दव. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी त्याचा हात हातात घेऊन दाबला. तो जाताना मावशींशी काहीतरी बोलला आणि दोघं भिंतीकडे तोंड करून हसली. कशाला ते कळलं नाही. आलेखाला दवाची सहा पानं जोडली.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुसरीच्या वर्गशिक्षिका भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही पोरांना काय शिकवताय? सगळ्यांच्या आया विचारतायत, एवढ्या थंडीत पोरं दोन-दोन बाटल्या पाणी भरून का नेतात? आणि घरी येतात ती बाह्या भिजवून."

मला अभिमान वाटला. पाण्याचा धडा अंगी लागलाय, दुसरं काय! त्यांना पाटीवर लिहून दिलं, 'चांगली सवय आहे.' त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तासाला आज काहीच घडलं नाही. म्हणजे पोरांनी तीन बशांत पाणी ठेवलं, एक खिडकीत, एक कपाटात, एक झाकणाखाली. मग आम्ही अंगणात जाऊन बसलो. उन्हाची पट्टी भिंतीवरून उतरली, पाण्यात आली आणि पाण्यावरून उडून छपराच्या आतल्या बाजूला जाळं होऊन हलत राहिली. एकतीस तोंडं वर. खिसेवाला माझ्या गुडघ्याला टेकून बसला होता. त्याच्या खिशात बारीक खडे खुळखुळतात, दिवसेंदिवस जास्तच. माझे वरचे वर्ग या वेळी काय करत असतील, हे आज माझ्या डोक्यातही आलं नाही. हे बरं नव्हे. माणूस असा सुस्तावतो.

२९ जानेवारी, बुधवार

मुद्दे चौतीस झाले. शनिवारी डॉक्टर. अंघोळ करताना मोह होतो, एकदा 'अ' म्हणून बघावं. म्हणत नाही. आलाच नाही तर निदान शनिवारपर्यंत तरी ते कळायला नको.

हिने आज भाजी चिरताना आपण होऊन बसचा विषय काढला. "थांब्यामागून थांबे गेले. बसमध्ये मी आणि ते वाहक, दोघंच. ते म्हणाले, 'ताई, कुठं जायचंय?' मी म्हटलं, 'माहीत नाही.' मला इतकं हलकं वाटलं ना! मग शेवटचा थांबा आला, आणि मी उतरले, तर तिथे..."

आणि ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली. "जाऊ दे. तुमचं शाळेचं असेल काहीतरी."

मी तर तोंडही उघडलं नव्हतं. ही का थांबली?

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर म्हणाले, "आ करा." मी केला. आला! थोडा घोगरा, पण माझाच. डॉक्टर म्हणाले, "गाठी गेल्या. आता जपून वापरा, खर्च बेताने." ही बाहेर बाकावर बसली होती, तिला डॉक्टरांनीच सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मग पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

मी अजून बोललो नाही. पहिलं वाक्य मला वर्गात बोलायचंय, चौतीस मुद्दे वाट बघतायत. पाटीवर लिहिलं, 'सोमवारपासून.' ही म्हणाली, "बरं." रस्ताभर ती काहीच बोलली नाही. आनंदाने असेल. आज इस्त्री झाली, शीळ नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

अंगणात पोरं डबक्याभोवती झोपली होती. मी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मुलांनो, हाताची घडी, तोंडावर बोट!"

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या सवयीने आलं. आवाज भिंतीवर आपटला, छपरावरची कबुतरं उडाली. एकतीसच्या एकतीस जण ताडकन उठून बसले, घड्या घातल्या, बोटं ठेवली. मला इतका आनंद झाला! मी सुरुवात केली. बाष्पीभवन म्हणजे काय, मुद्दा एक. मुद्दा दोन. कुणी चुळबूळ केली नाही. तिसऱ्या मुद्द्याला लक्षात आलं की पाण्याकडे कुणीच बघत नाहीये. सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि डोळ्यांत काही नाहीये. खिसेवाल्याच्या पापण्या मिटत होत्या. हे डोळे मी ओळखतो. वरच्या वर्गात रोज बघतो. त्यालाच मी शिस्त म्हणत आलो.

चौथ्या मुद्द्याला पणताई रडायला लागली. बोट तोंडावर तसंच.

"काय झालं?" मी विचारलं.

"पण सर, डबकं अजून आहे."

"आहे, मग?"

"तुम्ही लिहिलं होतं, आटेपर्यंत तुमच्याकडे. अजून आहे ना! आम्ही रोज पाळीपाळीने घालतो पाणी. मी तर माझं प्यायचं पण घालते." आणि मग सगळ्यांनीच घड्या सोडल्या. "सर, मी दोन बाटल्या घालतो." "सर, मी रविवारी पण येणार होते, पण फाटक बंद असतं." "सर, मी आजपासून तीन आणीन!"

मी मावशींकडे पाहिलं. त्या झाडूवर रेलून होत्या. "अख्ख्या शाळेला ठाऊक होतं, सर. तुम्हालाच तेवढं सांगायची सोय नव्हती. तुम्ही तर पाइपा ठोकत बसलात."

दव! चौदा पानांचा आलेख! मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही पोरांसमोर. मला कुणी थांबवून धरलं होतं, बाटली-बाटलीने, तीन आठवडे, आणि मी ते नळाच्या दाबावर घातलं होतं. माझ्या आवाजासाठी कुणी कधी प्यायचं पाणी सोडलं नाही. या पोरांनी तर तो आवाज आजपर्यंत ऐकलाही नव्हता.

तेवढ्यात खिसेवाला पुढे आला. त्याने दोन्ही खिसे फरशीवर रिकामे केले. बारीक खडे. "एका बाटलीला एक खडा," तो म्हणाला. "कमी पडायला नको म्हणून मी मोजत होतो."

मी खड्यांकडे बघत राहिलो. जेवढं पाणी उडून गेलं, तेवढं यांनी घातलं. म्हणजे किती उडालं त्याचं माप माझ्या आलेखात नव्हतं, ते त्याच्या खिशात होतं. मला बोलायचं होतं, मुद्दा पस्तिसावा. मी ओठ मिटले आणि पाटी घेतली. लिहिलं, 'मग?'

मग पणताईने नाक पुसलं. "पण सर, आधी मोजायला हवेत ना?" आणि एकतीस डोकी खड्यांवर वाकली. दोनशे सात भरले. आठवड्याला किती, दिवसाला किती, अशा वाटण्या करताना घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंच्या कार्यालयात गेलो. त्या म्हणाल्या, "आवाज आला म्हणे! उद्यापासून वरचे वर्ग?"

मी म्हणालो, "डबकं आटलं की येतो."

"आणि ते कधी आटणार?"

"या वर्षी नाही," मी म्हणालो. "बहुतेक."

घरी आलो. ही ओट्याशी होती, पाठमोरी. "बोललात म्हणे आज. मावशी भेटल्या बाजारात," ती म्हणाली, पण वळली नाही. "कसं झालं भाषण?" ताटं घेतली, पाणी घेतलं, सगळं गुपचूप, सव्वीस वर्षं घेत आली तसं. ती माझी वाट बघत होती. मी सुरू होण्याची.

दिवसभराचं सगळं माझ्या तोंडात भरून आलं होतं. पोरं, बाटल्या, खडे. पहिला शब्द तर मी हाताच्या घडीवर घालवला होता. दुसरा मला जपून वापरायचा होता.

"शेवटच्या थांब्यावर तू उतरलीस," मी म्हणालो, "मग?"

तिने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मी चेष्टा करतोय का ते तपासल्यासारखं. मग गॅस बंद केला, ओले हात पुसले, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"तिथे एक तळं होतं," ती म्हणाली. "अहो, एवढं मोठं!" आणि तिने दोन्ही हात पसरले.

पुढचं मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि अजून संपलेलंही नाही. जेवण गार झालं.